आपांची फॉरवर्ड

नफिसाआपा अपमान विसरत नसत, आणि हे त्या अभिमानाने सांगत. "सुकट आणि राग, दोन्ही उन्हात टिकतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माहेर रत्नागिरीचं, दुबईत नवऱ्याचा मसाल्यांचा व्यापार, आणि अल क्वोजच्या गोदामांमागच्या मैदानावर आम्हा बायकांचा हॉकी संघ. आपा प्रशिक्षक, मी कर्णधार. त्यांच्यासारखी प्रेमळ बाई मी पाहिली नाही, आणि तितकी डूख धरणारीही.

आमच्या हौशी लीगमध्ये मोसमाआधी संघ आपसांत एखादी खेळाडू बदलून घेतात. त्या वर्षी आम्हाला फॉरवर्ड हवी होती. कॅफेटेरियाच्या टेबलावर आपांनी चहाचे कागदी कप मांडले. "ही फरीदा. गोलाजवळ ताकद आहे, पण पळायला सांगितलं की दम लागतो. आणि ही अबुधाबीची इरा मोहिते. हिच्याकडे बॉल गेला की खलास, गोल समजायचा." बराच वेळ दोन्ही कप न्याहाळून त्यांनी इराचा कप स्वतःकडे ओढला. बदल्यात आमची मधल्या फळीतली सगळ्यात भरवशाची खेळाडू द्यावी लागली, तरी मी खूश होते.

पहिल्या सरावाला इराला सोडायला तिचे वडील आले. आपा माझ्या कानाशी लागल्या. त्या कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघाची निवड याच मोहिते सरांच्या हातात होती. सगळ्यात जास्त गोल आपांचे, पण सरांनी स्वतःच्या बहिणीला फॉरवर्ड केलं आणि आपांना सांगितलं, "तू बॅकला उभी राहा." आपा घरी निघून गेल्या, आणि त्यांचं खेळणं तिथेच थांबलं.

सरांना त्या आठवतही नव्हत्या. आपांनी त्यांना हसून चहा पाजला आणि इराकडे वळल्या. "बेटा, तू बॅकला उभी राहा."

"बट आय ॲम अ फॉरवर्ड," इरा म्हणाली.

"होतीस."

सरांचा कप हातातच राहिला. आता मात्र त्यांना आठवलं असावं.

मोसमभर इरा मागे बचावात, बॅकलाच खेळली. सर दर शनिवारी अबुधाबीहून गाडी हाकत येत आणि जाळीबाहेर उन्हात उभे राहत. आपा त्यांना आवर्जून खुर्ची पाठवत, तीही लेक जवळून दिसेल अशा जागी. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. पण अंतिम सामन्यात आम्ही एका गोलाने मागे पडलो, तेव्हा मी धावत आपांकडे गेले.

"आपा, आता तरी इराला पुढे सोडा. ट्रॉफी जाईल!"

"जाऊ दे. ट्रॉफी पुढच्या वर्षीपण असेल. तो मोहिते असेल का?"

ट्रॉफी गेली. माझे गुडघे कामातून गेले होते, तो माझा शेवटचा सामना होता, आणि हे आपांना ठाऊक होतं. मी रडत बसले तेव्हा त्यांनी डबा उघडून मला स्वतःच्या हाताने सांदण भरवलं. मी खाल्लं. माफ केलं नाही.

पुढे आपा कायमच्या रत्नागिरीला गेल्या आणि संघ माझ्या हवाली केला. यंदा पुन्हा फॉरवर्ड घ्यायची होती. मी कप मांडतच होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. "शारजाची आमची सानिया आहे ना, माझी भाची, तिला घे गो. फॉरवर्ड खेळायला जीव टाकते पोरगी."

"घेते की, आपा," मी म्हणाले. "बॅकला."

 पलीकडे आपा खदखदून हसल्या. "शिकलीस गो, शिकलीस!"

मी हसत नव्हते.