बर्नाडीनचं छत्तीस वर्षांचं लेकरू

बर्नाडीन पावलाक दर एप्रिलमध्ये आपल्या लेकराला सरकारपुढे उभं करते. लेकरू छत्तीस वर्षांचं आहे, टक्कल पडत चाललंय आणि तिच्या तळघरात राहतं. पण कराच्या विवरणपत्रात जेरार्ड तिचा आश्रित, आणि म्हणून ती कुटुंबप्रमुख. नवरा कधीच गेला. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करून मिळणाऱ्या पगारावर कर कमी बसतो तो या पदवीमुळे. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला हे सगळं फुकटात ऐकू येतं.

जेरार्ड अकॉर्डियन वाजवतो. अमेरिकेतल्या आमच्या बफेलो शहरात पोलिश लग्न पोल्का नाचाच्या सुरांशिवाय लागत नाही आणि जेरार्डसारखा पोल्का दुसऱ्या कुणाला जमत नाही. हॉलवाले त्याला चेक देतात आणि वर सरकारला कळवतात. खरी मेख इथेच आहे. एवढ्या मोठ्या मुलाला आश्रित दाखवायचं तर त्याची वर्षाची कमाई पाच हजार डॉलरच्या आसपास थांबायला हवी. ती थांबवायचं काम बर्नाडीन करते. आकडा जवळ आला की अकॉर्डियन तिच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मागे, आणि कपाटाला कुलूप. जेरार्ड हवा असेल तर सप्टेंबरच्या आत लग्न उरका, हे सगळ्या चर्चला ठाऊक. दोन जोडप्यांनी तर ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू असतानाच उरकलं, पण त्यांच्या घाईचं कारण वेगळं होतं.

"अगं, कमवू दे की त्याला," मी एकदा म्हटलं.

"कमवून काय दिवे लावणार? स्वतःचे मोजे कुठे आहेत ते मला विचारतो!"

"तू सांगतेस म्हणून विचारतो."

आठवडाभर तिने माझ्याशी अबोला धरला. घर कसं शांत होतं.

गेल्या वर्षीही अकॉर्डियन वेळेवर कपाटात गेलं. तरी जेरार्ड दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला लागला. कुणीतरी बाई असणार, असं बर्नाडीनने ठरवलं. तिने एक मेणबत्ती बाई मिळावी म्हणून लावली आणि दुसरी, ती टिकू नये म्हणून.

या एप्रिलमध्ये माझ्या गाडीतून आम्ही तिघं वाचनालयात गेलो. तिथे हॅलोरन नावाचे निवृत्त गणित शिक्षक लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. बर्नाडीनने खुर्ची ओढली आणि मुलाकडे बोट दाखवलं. "गेल्या वर्षीसारखंच. हा माझा."

"मला लिहू नका," जेरार्ड म्हणाला. "मी नऊ हजार कमावलेत. नाताळपर्यंत वाजवत होतो."

"कशावर वाजवलंस मेल्या? किल्ली माझ्याकडे आहे!"

"दुसरं घेतलं. जुनं. मित्राकडे ठेवतो."

"दुसरं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की लहान मुलांच्या कोपऱ्यात गोष्ट थांबली. "अरे, बाई ठेवली असतीस तर मी समजून घेतलं असतं!"

हॅलोरननी घसा साफ केला. नऊ हजारांत आश्रित बसत नाही, म्हणाले. मग कुटुंबप्रमुखही नाही. कर वाढेल. "आणि तुमच्या नावापुढे आता 'अविवाहित' येईल."

"अविवाहित? तीस वर्षं ज्या नवऱ्याच्या चड्ड्या धुतल्या तो काय भाडेकरू होता?"

"नियम आहे, बाई."

"नियमाला म्हणावं, त्याच्या थडग्यावर जाऊन सांग."

मला हसू आवरेना. पण तिच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. ती पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. कराचं तिला काही नव्हतं. तळघर रिकामं होणार हे तिला कळलं होतं. मला तिची फार दया आली, आणि तिला ती कळली असती तर तिने मला माझ्याच गाडीतून उतरवून पायी घरी पाठवलं असतं.

हॅलोरन मान खाली घालून पुढचे प्रश्न विचारत होते. "तुम्हाला कुणी आपल्या विवरणपत्रात आश्रित दाखवणार आहे का?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. बर्नाडीन मात्र जेरार्डकडे बघत राहिली. जेरार्ड लाजेने लाल झाला.

"अजून तरी नाही," ती म्हणाली. "पण याला सांगून ठेवा, घर बघशील तर तळमजल्यावर बघ. माझे गुडघे गेलेत."

"घेतलंय, आई," जेरार्ड हळूच म्हणाला. "एक तारखेपासून. तिसऱ्या मजल्यावर."

बर्नाडीनने हॅलोरनच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि सही केली. नेहमी ठसठशीत असते, आज वेडीवाकडी आली. पेन खाली न ठेवताच तिने विचारलं, "लिफ्ट आहे का रे?"