मुठीतलं नवं धान आणि पाण्याकाठची वाट

“मूठ काहून उघडून नाही राहिली ते बाई?”

पवनीच्या पोहेवालीने हे शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारलं, आम्हाला नाही. मी ऐकलं आणि आत्याला पोह्यांचा पुढचा घास भरवला. तर्री तिच्या हनुवटीवर ओघळली. ती पुसताना सगळे आमच्याकडेच बघत होते. उत्तर द्यायला हवं होतं. मी मान खाली घालून चमचा भरत राहिले.

उत्तर तसं सोपं होतं. आत्याच्या सासरी नवं धान घरात आलं की घरातली मोठी बाई पहिली मूठ तलावाला देते. घरून निघाल्यावर ती मूठ उघडायची नाही, खाली ठेवायची नाही. तेव्हा घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत (बांधापर्यंत) हाकेचं अंतर होतं. आता ते गाव, तो तलाव, ती पाळ, सगळं गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि आत्या भंडाऱ्याला आमच्याकडे, चाकांच्या खुर्चीत. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिची मूठ राहूनच गेली होती. धरणाच्या पाण्याकाठी खुर्ची जाईल अशी नवी वाट झाल्याचं मी फोनवर वाचलं आणि उत्साहाने तिला सांगितलं. म्हणजे आज काही चुकलं, तर ते माझ्यामुळे.

पवनी सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (भाताची खाचरं) आणि पुंजणे (रचलेल्या धानाचे ढीग) लागले. ऑटो खड्ड्यात आपटला की आत्याचा डावा हात दांडी पकडायचा. उजवा पदराखाली, घट्ट.

दुखतोय का, मी विचारलं. “मुंग्या येऊन राहिल्या,” ती म्हणाली. “तू समोर पाह्य.”

वाट खरंच चांगली होती. रुंद, सपाट, बसल्या माणसाच्या हाताला येईल असा कठडा. दूर पाण्यातून वाळक्या झाडांचे शेंडे वर आले होते. त्यातल्या एकाकडे पाहून आत्या म्हणाली, आमचा मोह असंन तो. मला सगळे शेंडे सारखेच दिसले, पण मी हो म्हटलं.

वळणावर वाट अडली. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून तीन लोखंडी खांब रोवले होते आणि त्यांच्या कोणत्याच फटीतून खुर्ची जाईना. पाणी पलीकडे, उताराच्या टोकाशी. चौकीदाराने सांगितलं, मधला खांब निघतो, पण चावी साहेबांकडे आणि साहेब जेवायला गेलेले. तेवढ्यात मासे विकून परतणारे दोघे थांबले.

“चावी कायले पाहिजे?” त्यातला एक हसला. “मावशीले नवरीवानी उचलून नेतो.”

आणि दोघांनी खुर्ची धरलीसुद्धा. चांगलीच माणसं होती ती. पण एका लग्नात नातेवाइकांनी आत्याला अशीच उचलली होती आणि पायरीवर त्यांचा हात सुटला होता. तेव्हा निदान तिचे दोन्ही हात मोकळे होते.

“नोको,” आत्या म्हणाली. इतकं हळू की फक्त मला ऐकू आलं. खुर्ची जमिनीवरून सुटली, डावीकडे कलली. तिने माझ्याकडे पाहिलं. स्वतःला सावरायचं तर तिला मूठ सोडावी लागणार होती.

पुढचं आधी सांगून टाकते. चावी आली, खांब निघाला. आत्याने पाण्यावर हात धरून मूठ उघडली तेव्हा घामाने दाणे तळव्याला चिकटले होते, ते तिने एकेक करून सोडले. परतताना पवनीला तिने पोहे मागितले आणि उजव्या हाताने, कुणाचीही मदत न घेता, दोनदा खाल्ले.

घरी सगळे वाटेचंच विचारतात. वाट छान आहे, जरूर जा, फक्त चावी कुणाकडे ते आधी विचारून घ्या, असं मी सांगते. स्वतःचं काही सांगत नाही. शाळेपासून माझी सवय अशी की परक्यांशी बोलायचं वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं, आणि तोवर बोलायची वेळ निघून जाते. त्या वळणावर जुळवायला वेळ नव्हता. मी दोन्ही हातांनी खुर्चीचं चाक धरलं आणि म्हणाले,

“खाली ठेवा. ती नको म्हणून राहिली. चावी येईपर्यंत आम्ही थांबतो.”