करुणाबाईंची मंडळी

सानगडीच्या बाजारात वांगी निवडत होतो, तेव्हा शीलाचा फोन आला. शीला म्हणजे करुणाबाईंची भाची, भंडाऱ्याला नर्स आहे. "सर, आत्या गेल्या. झोपेतच..." एवढंच बोलली. हातातलं वांगं मी परत ढिगावर ठेवलं. करुणाबाईंनी आणि मी एकाच शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. तेव्हा आधी रडू यायला हवं होतं. पण खरं सांगतो, पहिला विचार आला तो असा, की बाईंना ते सांगायचं राहूनच गेलं. आणि त्याच्या मागोमाग आलेला विचार त्याहून वाईट होता : आता ते सांगावं लागणार नाही. महिना झाला, त्या दुसऱ्या विचाराची लाज काही जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

बाई मूळच्या कारध्याकडच्या. आमच्या गावात मराठी शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. गावात ख्रिस्ती घरं पाच-सहा, आणि शाळेमागच्या रस्त्याला त्यांचं टिनाच्या छपराचं चर्च. त्याची किल्ली बाईंच्या कमरेला. झाडायचं बाईंनी, घंटा वाजवायची बाईंनी, आणि बाहेरगावचे पाळक आले नाहीत तर पवित्र शास्त्रही बाईंनीच वाचायचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शाळा ओस पडायची. आम्ही बाकीचे मास्तर हजेरीवर रेघा ओढून मोकळे व्हायचो; बाई चपला हातात घेऊन शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं बांधीपर्यंत जायच्या आणि चिखलात वाकून रोवणाऱ्या पोरींकडून कविता म्हणवून घ्यायच्या. बाप कुरकुरायचे, आया हसायच्या. कुणाकडे मयत असो की बाळंतपण, बाई हजर. स्वभावानं मात्र तिखट. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मुलांचं सोडाच, मुख्याध्यापकांचीही गय नव्हती. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी लाल पेनानं दुरुस्त करून मला परत दिली होती... तीही गावभर वाटून झाल्यावर.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी सहज विचारलं, "कुठं निघालात?" म्हणाल्या, "मंडळीत." आम्ही पडलो झाडीपट्टीची माणसं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, नाटकं होतात, आणि मीही त्यांत पेटी वाजवतो. मंडळी म्हणजे नाटकमंडळी, दुसरा अर्थच मला ठाऊक नव्हता. मी विचारलं, काम कोणतं करता, नायिकेचं की सासूचं? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी समजावलं, की चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतात, आणि मंडळीत घेणं म्हणजे रीतसर आपल्यात सामील करून घेणं. मला या गमतीचं इतकं कौतुक वाटलं, की पुढं कितीतरी दिवस मी ती चार ठिकाणी सांगत फिरलो. शहाणपण मिरवायची खाज, दुसरं काय.

काही वर्षांनी मंडईत शाळेचंही नाटक व्हावं असं बाईंनी मनावर घेतलं. नाटक त्यांनीच लिहिलं : एक राणी गावच्या तलावासाठी राजाशी भांडते. मुलं निवडली, मला पेटीवर बसायला सांगितलं, मी हो म्हणालो. बाईंनी एक वही केली, पहिल्या पानावर मथळा घातला "मंडळी" आणि खाली मुलांची नावं लिहिली. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं, तर आमच्या गावात शेंबड्या पोरालाही अर्थ कळला असता. पण लिहिलं होतं करुणाबाईंनी. वही कुणाच्या तरी नजरेस पडली, कुजबुज सुरू झाली, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. त्याच दिवसांत पानठेल्यावरच्या बंडूभाऊनं मला विचारलं, "सर, तुमाले माईत हाये का, ख्रिस्ती लोकायत मंडळी म्हंजे काय असते?" मी ऐटीत सांगून टाकलं, मंडळी म्हणजे चर्च, आणि मंडळीत घेतलं म्हणजे माणूस ख्रिस्ती झाला समजा. बंडूभाऊ हसला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात माणसं जमली. आम्हा शिक्षकांच्या खोलीत संस्थेचे अध्यक्ष येऊन बसले. टेबलावर ती वही, पहिलंच पान उघडलेलं, खिडक्यांना माणसं लटकलेली. बाई उभ्या होत्या; त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, "आमच्या पोरायचे नावं मंडळीत काहून लिहिले?" बाई म्हणाल्या, नाटकाची मंडळी आहे ती. मागून कुणीतरी बोललं, "तुमच्यात मंडळीचा अर्थ काय होते, ते आमाले समजलं हाये."

"कोणी सांगितला?" बाईंनी विचारलं.

खिडकीतून बंडूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. माठ झिरपत होता, खालच्या ताटलीत थेंब पडत होते, आणि मी ते थेंब बघत राहिलो... माझं एक वाक्य पुरलं असतं. हे नाटकच आहे, त्यात पेटीवर मी आहे. पण ते बोललो असतो, तर अर्थ सांगणाराही मीच, हे उघड झालं असतं. मग एकीकडे बाई आणि दुसरीकडे ती खिडक्यांतली माणसं, मध्ये मी. मला भीती वाटली, दुसरं कारण नाही. बाईंची नजर सगळ्यांवरून फिरत आली, माझ्यापाशी किंचित थांबली. त्यांनी वही मिटली, तिच्यावर पंजा पसरून हात ठेवला आणि तो प्रश्न परत विचारला नाही.

सुटका केली कौसाबाईनं. ही दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीनं जाणारी, नाटकातल्या राणीची आई. गर्दीतून वाट काढत थेट टेबलापाशी आली. "माही पोट्टी आठ दिस झाले राणीचं काम पाठ करून राहिली. घरी मले तलाव मांगते, नाही देला त जेवत नाही. चर्चात राणी असते का जी?" कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी हवाच निघून गेली. माणसं पांगली. पण नाटक बंद झालं ते झालंच, आणि बाईंकडून लेखी घेतलं, की धर्मांतराचा संशय येईल अशा कार्यक्रमात विद्यार्थ्यांना घेणार नाही. कागद अध्यक्षांच्या माणसानं लिहून आणला होता. बाईंनी तो वाचला, लाल पेन काढलं, 'धर्मातंर' मधला चुकलेला अनुस्वार खोडून नीट जागेवर दिला, आणि मग सही केली.

त्यानंतरही आम्ही सहा वर्षं एकत्र काढली. बोलणं तुटलं नाही. घंटा, धुरे, बाळंतपणं, सगळं होतं तसंच चालू राहिलं. माझी बायको भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या उशाशी चार दिवस बाईच बसल्या. एकच गोष्ट बदलली. शनिवारी कुठं निघालात विचारलं, की त्या म्हणायच्या, "चर्चला." मंडळी हा शब्द त्यांनी माझ्यापुढं परत काढला नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं? दवाखान्यातून परतताना कारध्याच्या पुलावर आमची बस अडकली, तेव्हा मी हिय्या केला. म्हणालो, "बाई, त्या वहीचं..." त्या खिडकीतून वैनगंगेकडे पाहत होत्या. "सर, डबा खाऊन घ्या," म्हणाल्या, "पोळ्या वाळतील." मी मुकाट्यानं डबा उघडला.

दफनाहून आल्यावर शीलानं ती वही माझ्या हातात दिली. आत्याच्या बायबलखाली होती म्हणाली, तुमचं नाव आहे म्हणून तुम्हालाच देते. पहिल्या पानावर तीच नावं. मी पान उलटलं. मागं कोणाचं कोणतं काम ते मांडलेलं : राणी, राजा, प्रधान, कोतवाल... आणि सगळ्यात खाली, "पेटी : मनोहर सर." त्या दिवशी हे एक पान उलटून दाखवलं असतं, तर बाई तिथल्या तिथं सुटल्या असत्या, आणि सगळ्या खिडक्या माझ्याकडे वळल्या असत्या. तेवढ्यासाठी त्यांनी वहीवर हात ठेवला होता. बाईंच्या अंगणात, चार माणसांदेखत, मी ढसाढसा रडलो.

गेल्या रविवारी चर्चमध्ये बाईंसाठी स्मरणाची प्रार्थना होती. गाण्यांना साथ करणारं कुणी नव्हतं. मी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघालो. पानठेल्यापाशी बंडूभाऊनं हटकलं, "पेटी घेऊन कुठी चालले, सर?" नेहमीची चार माणसं उभी होती. मी पाय टेकवला. त्यांना सांगितलं, की मंडळीचा अर्थ गावाला सांगितला तो मीच, बाईंनी विचारलं तेव्हा तोंड शिवून बसलो तोही मीच, आणि त्या नाटकाच्या वहीत माझंही नाव होतं. बंडूभाऊ हातातलं पान नुसतं पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण चालले कुठी?"

"मंडळीत," मी म्हणालो, आणि पायडल मारलं.