पंख्यानं न उडवलेला कागद

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, फादरनाही सांगितली नाही. बाकीची पापं पापकबुलीत सांगून झाली — दारू प्यायलो, मजुराच्या थोबाडीत दिली, भावाशी सहा वर्षं बोललो नाही. ती सगळी जाळीतून पलीकडे गेली. ही गेली नाही. जीभ दर वेळी हिच्यापाशी यायची आणि दुसऱ्या पापाकडे वळायची. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की वय झालं म्हणून? काही का असेना.

आधी मी कोण ते ऐका. मी लुकस, गवंडी, नगरकडचा. शाळेत किती गेलो? दिवाळी ते होळी. मग शेळ्यांमागे. नवीन पनवेलच्या इमारती उठत होत्या तेव्हा बायकोला — मार्थाला — घेऊन इकडे आलो, आणि पाच वर्षांत माझ्या हाताखाली बारा माणसं होती. फूट-इंच मला येत होते. अक्षर येत नव्हतं. हे मार्था सोडून कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनिअरनं नकाशा पुढे केला की मी म्हणायचो, "तोंडानं सांगा साहेब, कागद काय कुणीही वाचतं." लोकांना त्यात रुबाब वाटायचा. खरं सांगू? मलाही वाटायचा.

आता चर्चचं. आमच्या चर्चच्या व्हरांड्याला गिलावा करायचं काम मी घेतलं होतं. गिलावा करताना मी गातो. आमच्या गावाकडची भजनं, येशूची, टाळावर म्हणायची. परांचीवर उभा राहून गात होतो, तर खाली एक म्हातारा येऊन उभा. डोक्यावर टोपी, जाड भिंगांचा चष्मा. ते पास्कू मास्तर. मूळचे उरणकडचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. चर्चची क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, तेच चालवायचे, पायपेटीही तेच वाजवायचे.

म्हणाले, "रविवारी कुठं बसतोस?"

"मागच्या बाकावर."

"मागं बसून काय करतोस? पुढं ये. आमच्याकडे पाच पोरी हायत नि एक बँकवाला. त्याचा आवाज म्हंजे बाटलीत फुंकल्यासारखा."

मी हसलो, आणि पुढच्या गुरुवारी सरावाला गेलो. एवढं सोपं होतं ते. मला वाटलं होतं नाव लिहून घेतील, परीक्षा घेतील. कुणी काही विचारलं नाही. एका पोरीनं — लीना तिचं नाव, कॉलेजात जायची — सरकून जागा दिली आणि माझ्या हातात गाण्यांचं पुस्तक ठेवलं. मी ते उघडलं. सरळ धरलंय की उलटं, हे मी तिच्या पुस्तकाकडे बघून ठरवलं.

आठ-नऊ महिने फार सुखाचे गेले. एकदा ऐकलं की चाल आणि शब्द माझ्या डोक्यात बसतात, सिमेंट बसतं तसे. शर्टाला इस्त्री करून मी रविवारी पुढे उभा राहायचो. दिवसभर मजुरांवर ओरडून फाटलेला हा आवाज, आणि पुढच्या बाकावरच्या बाया डोळे मिटून ऐकायच्या. मला तोवर कुणी असं ऐकलं नव्हतं.

मग मास्तरांनी मला स्तोत्र दिलं. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, बायबलच्या पहिल्या वाचनानंतर एकट्यानं स्तोत्र गायचं असतं, आणि शुभवर्तमान वाचण्याआधी आलेलुया. स्तोत्र दर रविवारी वेगळं. म्हणून मास्तर ते कागदावर उतरवून गुरुवारी द्यायचे आणि मिस्सेनंतर कागद परत घेऊन फायलीला लावायचे. अक्षर कसं? छापल्यासारखं. मी कागद घरी न्यायचो, मार्था भाकऱ्या थापता थापता वाचायची, दोन दिवसांत मला पाठ. रविवारी कागद समोर धरायचो आणि नजर वरून खाली फिरवायचो. तीही मी बरोबर शिकून घेतली होती — डावीकडून उजवीकडे, मग खाली. एवढी हुशारी अक्षरं शिकण्यात घातली असती तर? पण चाळीशीच्या माणसानं कुणाला म्हणायचं, मला ग म भ न शिकवा? माझ्यानं झालं नाही.

त्या वर्षी प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आणि नेमकी मार्था नगरला गेली. तिच्या आईचा पाय मोडला होता. गुरुवारी माझा स्लॅब होता, सरावाला गेलो नाही. शनिवारी लीना कागद घेऊन कामावर आली. मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला बघ, वाचून दाखव जरा." वाऱ्यानं फडफडतो म्हणून तिनं कागद वरून-खालून दुमडून धरला, मधलं स्तोत्र तेवढं दोनदा वाचलं, मी दोनदा म्हणून घेतलं. मग तिची बस आली आणि ती पळाली. स्तोत्र तर पाठ झालं. शुभवर्तमानाआधीचं काय, आलेलुया तर आलेलुया. त्याला वाचायचं काय असतं?

तुमच्यात जे कॅथलिक आहेत त्यांना कळलं असेल. ते चाळीस दिवस आलेलुया म्हणत नाहीत. आनंदाचा शब्द तो, ईस्टरपर्यंत झाकून ठेवतात. त्याऐवजी दुसरी ओळ म्हणतात. मी जन्माचा कॅथलिक, पण आमच्या खेड्यात फादर महिन्यातून एकदा यायचे. आणि इकडे मागच्या बाकावर माझं अर्धं लक्ष बाहेर. माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी गायलो. सगळं चर्च उभं राहिलं आणि मी छाती भरून आलेलुया गायलो. चांगला गायलो, हे पण सांगतो. निम्म्या लोकांनी सवयीनं मागून म्हटलं आणि मधेच थांबले. बाकीचे गप्प. पायपेटीचा सूर तेवढा चालू, मग तोही थांबला. लीनानं तोंडाला रुमाल लावला. मला काय झालं ते कळेना, पण काहीतरी झालं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं.

मिस्सेनंतर फादर हसतच म्हणाले, "काय लुकस, ईस्टर उरकून टाकलास?"

रागावले नव्हते हो ते. मी नुसतं हसलो असतो, चुकलं फादर म्हणालो असतो, तर तिथेच संपलं असतं. पण भोवती सगळी क्वायर उभी होती. बँकवाला डोळे बारीक करून बघत होता. मला वाटलं, आता विचारणार — कागदावर लिहिलं होतं ना, मग वाचता येत नाही का? तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मात्र त्याचं उत्तर देऊन टाकलं.

"कागदावर होतं तेच गायलो."

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. म्हणाले, "बघू कागद."

"उडाला. पंख्यानं."

कागद माझ्या खिशात होता. घामानं ओला होऊन छातीला चिकटला होता. त्यावर काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, पण आलेलुया नाही एवढं तोवर मला कळलं होतं.

मास्तर म्हणाले, "असंल. हल्ली डोळ्यांपुढं धुकं येतंय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. करंजाला त्यांची बहीण दिलेली होती, तिच्याकडचे सुके बोंबील पेपरात बांधून आणले होते. उंबऱ्याशीच म्हणाले, "माझ्या चुकीनं तुला चारचौघांत मान खाली घालायला लागली. मनात ठेवू नकोस." सत्तरीचा माणूस. आणि मी काय म्हणालो? "जाऊ द्या मास्तर, होतं असं." — मी त्यांना माफ केलं. वर बोंबील ठेवून घेतले.

मार्था परत आली. मास्तरांची नजर गेली म्हणे, हे तिला बायकांकडून कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "कागद कुठं हाय?" म्हणाली. उडाला म्हणालो. ती भाकरी थापत राहिली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी मेणबत्ती पेटवून एक लांबलचक घोषणा गातात. आमच्याकडे ती कायम मास्तर गायचे. त्या वर्षी त्यांनी फादरना सांगितलं, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय, दुसऱ्या कुणाला द्या. बँकवाल्याला दिली. मी मास्तरांच्या शेजारीच उभा होतो. ते हात मांडीवर ठेवून पायपेटीशी बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. त्यांना ती सगळी पाठ होती. वाचायची गरजच नव्हती.

आता पुढचं सांगतो, आणि ते सांगताना मला अजून समजत नाही की देवानं माझं काय बघितलं. कारण शिक्षा झाली नाही. मिळालं ते उलटंच.

मास्तर म्हणाले, "माझ्या लिवण्यावर आता कुणाचं तरी लक्ष पायजे. शनिवारी घरी येत जा. मी बोट ठेवून वाचीन, तू तपासत जा." मला. तपासायला. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? गेलो. तळ्याजवळ त्यांची एक खोली होती. ते माझ्यासाठी कोरा चहा ठेवायचे, कागद खिडकीशी धरायचे, आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत सावकाश वाचायचे. "प-र-मे-श्व-र. बरोबर हाय?" मी म्हणायचो, बरोबर. पुढच्या शनिवारी पुन्हा परमेश्वर. त्याच्या पुढच्याही. एक दिवस एसटी स्टँडवर उभा होतो, तर उरणच्या गाडीच्या पाटीवर तोच प. पनवेलचा प. मी गाडी सोडून दिली आणि पाट्या बघत उभा राहिलो. पेण. पाली. पुणे. कंडक्टर म्हणाला, "काका, जायचंय कुठं?" मी म्हणालो, "कुठंच नाही."

दोन वर्षं लागली. मास्तरांना कळलं नाही की ते शिकवतायत. मी आज पेपर वाचतो, मुलीची पत्रं वाचली, हे तुम्हाला लिहितोय — सगळं त्या बोटामागून चालत आलेलं आहे.

तो कागद मी टाकला नव्हता. ओळंबा ठेवायच्या डब्यात होता. वाचता यायला लागलं तसा मी तो काढला. वर लाल शाईनं, खाली रेघ ओढून: "आलेलुया नाही." मग स्तोत्र. मग दुसरी ओळ, आलेलुयाऐवजी म्हणायची. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: "लुकस, घाई नको करूस. तू गातोस तेव्हा मला डोळे मिटून बसता येतं."

माझ्यासाठी लिहिलेली पहिली चिठ्ठी ती. मी ती दोन वर्षं डब्यात ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. थांबा, अजून झालं नाही. आतापर्यंत सांगितलं ते घाबरून केलेलं होतं. आता सांगतो ते घाबरून नाही.

मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट झालं. पट्टी सुटली तसे ते लहान मुलासारखे सगळं वाचत सुटले — औषधाच्या बाटल्या, कॅलेंडरची मागची बाजू. एका शनिवारी गेलो, तर जुनी फाईल मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "त्या वर्सातले सगळे कागद बघितले रे. एकात चूक नाय. मग त्याच रविवारी कसा चुकलो मी? तुला आठवतं? मी खरंच आलेलुया लिवलेला?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. बँकवाला नव्हता, फादर नव्हते. मला वाचता येत होतं, म्हणजे लपवण्यासारखंही काही उरलं नव्हतं. ते हसले असते फक्त. मला त्यांचा स्वभाव माहीत होता.

मी म्हणालो, "हो मास्तर. लाल शाईत होता."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "असंल," आणि नाडी बांधून टाकली. ईस्टरची घोषणा ते पुन्हा कधी गायले नाहीत. फादरनी दोनदा विचारलं. डोळे बरे झाले होते, तरी नाही म्हणाले.

का बोललो मी तसं? खूप विचार केला. शनिवार बंद होतील म्हणून? त्यांच्या नजरेतला लुकस मला हवा होता म्हणून? सापडेल ते कारण खोटंच वाटतं. बोललो, एवढं खरं.

मास्तर वारले, त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत स्तोत्र मी गायलो. कागद मी स्वतः उतरवला होता, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि तो वाचून गायलो, पाठ करून नाही. पुढेही बरीच वर्षं गात राहिलो, दम जाईपर्यंत. चांगले दिवस होते. त्या परांचीखाली ते उभे राहिले नसते तर मी मागच्या बाकावरच मेलो असतो. रोज सकाळी पेपर उघडताना त्यांचं नाव घेतो.

ते गेल्यावर त्यांची फाईल क्वायरकडे आली, लीनानं ती सांभाळली. त्यात त्या एका रविवारचा कागद नाही. तो माझ्याकडे आहे, समोर, हे लिहिताना. घामानं शाई थोडी पसरली आहे, पण लाल अक्षर स्वच्छ वाचता येतं. मास्तरांनी बरोबर लिहिलं होतं.