सगुणाबाईंनी बदललेला शेवट

सगुणाबाईंना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि लिहावं असं त्यांनी काही केलं, असंही त्यांच्या घरचे म्हणणार नाहीत. त्या जालन्यात भावाच्या घरी राहायच्या, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायच्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या वाचायच्या. माझ्या रोजनिशीत एक्केचाळीस ते सेहेचाळीस या सालांत त्यांचं नाव नाही असा आठवडा सापडत नाही. त्या वह्या समोर घेऊनच हे लिहिते आहे.

चौदाव्या वर्षी त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या. भाऊ वामनराव कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. भावानं शाळेत जे शिकावं ते सगुणाबाईंनी घरी त्याच्याकडून वदवून घ्यावं, असं त्यांचं शिक्षण झालं. मी लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. डोक्यावरून पदर, अंगावर आलवण, आणि जीभ अशी की समोरच्यानं दोन पावलं मागं सरकावं.

आमचं पाचजणींचं वाचनमंडळ होतं. त्याला आम्ही भजन म्हणत असू. निजामाच्या राज्यात बायका पुस्तकं वाचायला जमतात हे कळलं असतं तर चावडीवरून विचारणा झाली असती, कोणाच्या इजाजतीनं जमता म्हणून. हळदीकुंकू म्हणावं तर सगुणाबाईंना येता आलं नसतं, आणि शैलालाही नाही. शैला आमच्या गल्लीतली, चव्वेचाळीसात अठरा वर्षांची, लग्नानंतर सात महिन्यांत नवरा गेलेली. भजनाला विधवा चालतात. म्हणून दर सोमवारी दुपारी एक अभंग मोठ्यानं म्हणायचा आणि मग दार लोटून घ्यायचं.

पुण्याहून पुस्तकाची एकच प्रत यायची. खाजगी शाळेतला भुजंगमास्तर पार्सल मागवून देई. पाचजणींनी एक पुस्तक वाचायचं तर वर्ष लागलं असतं, म्हणून मी ब्लेडनं शिवण उसवून सोळा-सोळा पानांच्या जुड्या करत असे. सगळ्या जुड्या आधी सगुणाबाईंकडे जायच्या. त्यांनी ‘घ्या’ म्हटलं तर एकेक जुडी घरोघर फिरायची, ‘सोडा’ म्हटलं तर मी पुस्तक परत शिवून ठेवायची. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला शिवण आणि वळणदार अक्षर घोटून शिकवलं होतं. शिवण अशी कामाला आली.

कादंबरीत त्या पहिली गोष्ट काय पाहायच्या तर स्वयंपाक कोण करतं.

“दोनशे पानं झाली, ह्या घरात चूल पेटली न्हाई,” एकदा त्यांनी जुड्या माझ्यापुढं टाकल्या. “नायिका सतारच वाजवून राह्यली. जेवतात काय, सूर?”

“पण काय गोड लिहिलंय हो, सगुणाबाई,” झुंबरबाई म्हणाल्या. झुंबरबाई कापडवाल्या शेटजींच्या पत्नी. त्यांना पुस्तकात रडायला मिळालं की पुरे. “ते चांदण्याचं वर्णन वाचून माझा तर पदर भिजला.”

“तीन पानं चांदणं! मी तीन पानांत आठ जणांचं ताट वाढते. सोडा.”

सुधारक नायकांवर त्यांचा विशेष राग. व्याख्यान देऊन विधवेशी लग्न करणारा नायक आला की त्या विचारत, “लग्न झाल्यावर हा तिच्या हातचं पाणी आईला पाजतो का, ते लिहिलंय कुठं?” लिहिलेलं नसायचं. इंग्रजी कादंबऱ्यांवर वाढलेली मी, मला त्यांच्याइतकं बारकाईनं वाचता येत नसे हे आज कबूल करते.

चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत एक नवी कादंबरी आली. तिच्यातली विधवा चूल फुंकत होती, धुणं धूत होती, जावेचे टोमणे ऐकत होती. सगुणाबाईंनी दोन दिवसांत संपवली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः माझ्याकडे आल्या.

“अरुंधती, ही घ्यायची. पण शेवटची जुडी शैलाला द्यायची न्हाई.”

मी वाचून पाहिलं. नायिका पळून जायला स्टेशनवर जाते. ज्यानं लग्नाचं वचन दिलेलं असतं तो येत नाही. पहिली गाडी निघून जाते तशी ती उठते, मुकाट्यानं घरी परतते, आणि शेवटच्या चार पानांत विहीर जवळ करते.

“शेवट भेकड आहे,” सगुणाबाई म्हणाल्या. “सगळं पुस्तक ह्यानं तिला चालवली, आणि शेवटी स्वतः दमला तर तिला मारून मोकळा झाला.”

“पण लेखकानं तसं लिहिलंय. आपण कोण बदलणार?”

“लेखकाचं काय जातंय? तो पुढची कादंबरी लिहील. त्या पोरीला उद्या पहाटे उठून पाणी भरायचंय. तिचा चेहरा बघितला का तू? महिना झाला, धड जेवत न्हाई. मी सांगते, तू लिही, मड्डम. तुझं अक्षर छापल्यावानी आहे.”

मी लिहिलं. त्यांनी सांगितलेला शेवट असा: तो पहिल्या गाडीला येत नाही. ती बसून राहते. दुपारचीही गाडी जाते. संध्याकाळच्या गाडीला तो धापा टाकत येतो, आणि दोघं पुण्याला जातात. सोळा पानं भरली. मूळ जुडीवर दिव्यातलं तेल सांडलं, म्हणून नकलून दिली, असं सगळ्यांनाच सांगितलं. शैलानं ती पानं चार दिवस ठेवून घेतली. इतके दिवस कोणी जुडी ठेवत नसे.

भुजंगमास्तरनं शैलाला लग्नाचं वचन दिलं आहे, हे आम्हा दोघींपैकी कोणालाही माहीत नव्हतं.

एप्रिलच्या अठरा तारखेची माझी नोंद दोनच ओळींची आहे; बाकीचं पुढं कळलं. शैलाला बदनापूरला चुलतसासूकडे पाठवलं होतं, बारशाच्या स्वयंपाकासाठी. सकाळी ती देवळात जाते म्हणून निघाली आणि स्टेशनवर गेली. मनमाडकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीनं मास्तर जालन्याहून येणार होता, आणि तीही त्याच गाडीत बसणार होती. तो आला नाही. तेव्हाच ती परत फिरली असती तर कोणी विचारलंही नसतं. देवळात वेळ लागला, एवढंच. पण ती बसून राहिली. दुपारची गाडी गेली. घरी भाजी चिरायला माणूस नाही म्हणून शोध सुरू झाला. संध्याकाळच्या गाडीच्या आधी, बारशाला आलेल्या सासऱ्यांनी तिला बाकावरून उठवलं.

मास्तर त्या दिवशी शाळेत हजेरी घेत होता. पुढेही घेत राहिला.

त्याच आठवड्यात न्हावी आला. मग तिला राजूरला लांबच्या नातेवाइकांकडे ठेवलं. तिथं गणपतीच्या यात्रेकरूंच्या पंगती उठत, आणि रांधायला फुकटचं माणूस हवंच होतं.

ती का बसून राहिली, हे सगळ्या जालन्यात दोघींनाच कळलं. सगुणाबाई माझ्याकडे आल्या, उंबऱ्यातच बसल्या.

“त्या लेखकानं तिला पहिल्या गाडीला उठवली होती,” त्या म्हणाल्या. “मी बसवून ठेवली.”

मी त्यांना पाणी आणून दिलं.

मग त्यांनी माझ्याकडून पुण्याच्या एका संस्थेला पत्र लिहवून घेतलं. विधवांना ठेवून घेऊन सुइणीचं काम शिकवणारी संस्था होती. उत्तर जूनच्या शेवटी आलं: मुलीला पाठवा, दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो, मनमाडला आमची बाई उतरवून घ्यायला येईल. सगुणाबाईंनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि त्यावर, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काहीही मत दिलं नाही.

जुलैच्या संकष्टीला आम्ही दोघी गणपतीला म्हणून राजूरला गेलो. शैला मागच्या अंगणात पातेली घासत होती. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. आम्हाला पाहून उठली नाही.

“कशी आहेस, बाळ?” सगुणाबाईंनी विचारलं.

“बराबर आहे. तुम्ही जेवून जा. आज दीडशे पानं आहेत.”

सगुणाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. नकललेल्या पानांचं सगळं खरं सांगितलं, काही झाकलं नाही. शैला राखेनं पातेलं घासत राहिली.

“मंग खऱ्या पुस्तकात तो आलाच न्हाई?”

“न्हाई.”

“आणि ती?”

सगुणाबाईंनी सांगितलं. शैलानं मान हलवली, जणू भाजीत मीठ किती ते कळलं. सगुणाबाईंनी पदराखालून पत्र काढलं, तिच्यापुढं धरलं. “हे वाच. ही संस्था खरी आहे. आजच चल म्हणत न्हाई मी. दिवस ठरव, मी स्वतः मनमाडपर्यंत येते.”

शैलानं ओले हात लुगड्याला पुसले, पत्र घेतलं, सावकाश वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“अक्षर छान बदललंत, वहिनी.”

“अगं, माझं नाही ते! शिक्का बघ, पुण्याचा.”

“मनमाडला बाई उतरवून घ्यायला येईल,” तिनं त्यातलीच ओळ वाचली, आणि हसली. “पहिल्या गाडीला, का संध्याकाळच्या?”

“शैला, मी गणपतीची शपथ घेते,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“नका घेऊ. तुम्ही चांगल्यासाठीच करता, मला माहीत आहे. तेव्हाही चांगल्यासाठीच केलं.” तिनं पत्राची घडी करून त्यांच्या हातात दिली. “इथं निदान उद्या काय आहे ते ठाऊक आहे. जा, पंगत बसायची वेळ झाली.”

दिवाळीपर्यंत सगुणाबाई आणखी दोनदा गेल्या. दुसऱ्या खेपेला शैला बाहेर आलीच नाही. नोव्हेंबरात संस्थेचं कार्ड आलं की जागा दुसऱ्या मुलीला दिली.

मंडळ चालू राहिलं. पार्सल आता वामनराव मागवत. जुड्या आधी सगुणाबाईंकडेच जात, पण त्या वाचून तशाच पुढं पाठवत, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. “घ्यायची का सोडायची, सांगा की,” झुंबरबाई विचारायच्या. “तुम्हीच वाचा आणि तुम्हीच ठरवा,” एवढंच उत्तर मिळे.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात राजूरला पटकीची साथ आली. शैला दुसऱ्याच दिवशी गेली, तेव्हा वीस वर्षांची होती. निरोप आमच्याकडे आठ दिवसांनी पोहोचला. मी तो सांगायला गेले तेव्हा सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “तिच्याजवळ शेवटी कोण होतं?”

मला माहीत नव्हतं. कोणीतरी असेल, असं सांगावंसं वाटलं, पण मी तसं सांगितलं नाही.

“कळलं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.