ती हाक मी देवाला मारली होती

माझ्याकडून भक्तीच्या मोठ्या गोष्टींची अपेक्षा कुणी ठेवू नये. मी थकलेली बाई आहे. दिवसभर एका दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर उभी असते, संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या घरी येऊन स्वतःचा आणि वडिलांचा स्वयंपाक करते, आणि जमेल त्या सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाते. तेही पुष्कळदा रांग बघून बाहेरूनच हात जोडते आणि परतीची गाडी धरते. मध्यंतरी शेजारच्या एका बाईंनी विचारलं, इतकी वर्षं सोमवार करताय, कधी प्रचिती आली का? मी नाही म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर ते नाही मला टोचत राहिलं. प्रचिती आली होती. पण तिच्याबद्दल सांगायचं तर आधी एका दुपारबद्दल सांगावं लागतं, आणि ती दुपार मला अजून जड जाते. शिवाय देवाला यायचंच होतं तर त्यानं गोष्ट तिथवर जाऊ का दिली, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. त्याचं उत्तर या लिखाणात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आई गेल्यावर वडिलांनी माझ्या लग्नाचा ध्यास घेतला होता. एक स्थळ पत्रिकेवरून फिसकटलं, दुसऱ्यांना माझी नोकरी नको होती. त्यामुळे तिसरं स्थळ जमलं आणि साखरपुडा झाला तेव्हा वडील कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मुलाचं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. साखरपुड्यानंतर आम्ही कधी कॅनॉटच्या बाजारात चहा प्यायला जायचो, कधी नुसतंच फिरायचो. घरी आला की तो वडिलांच्या पाया पडायचा. बोलायला गोड होता आणि मला तो आवडायला लागला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला ज्यानं त्यानं विचारलं, तुला आधीच कसं कळलं नाही? नाही कळलं. अशा माणसांच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

एका रविवारी तो म्हणाला, नवीन शेड बांधून झालंय, चल, दाखवतो. दुपारची वेळ होती, वडिलांना सांगून निघाले होते, नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं. सुट्टीमुळे शेंद्र्याचा तो सगळा भाग सुना होता. शेडमध्ये गेल्यावर मशीन कुठं बसणार, ऑफिस कुठं होणार हे त्यानं दाखवलं, आणि मग शटर खाली ओढलं. पुढचं मी सविस्तर लिहिणार नाही. मी नको म्हणाले, पुन्हा म्हणाले. त्याला आधी ते लाजणं वाटलं, मग नखरा वाटला, मग तो चिडला. आता आपलं ठरलंच आहे, हे एकच वाक्य तो परत परत म्हणत होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले, मला खाली पाडलं आणि माझीच ओढणी माझ्या तोंडावर दाबली. माझ्यातली ताकद संपत चालली होती. ओढणी क्षणभर सरकली तेव्हा माझ्या तोंडून 'वाचवा' आलं नाही, की 'बाबा' आलं नाही. 'महादेवा' आलं. माझी आई जमिनीवरून उठताना, चटका बसला की, कुणाची वाईट बातमी कळली की 'महादेवा' म्हणायची. तिचं ते माझ्या जिभेवर कधी येऊन बसलं मला ठाऊक नाही. मी दोनदा ओरडले, जिवाच्या आकांतानं.

आणि शटरवर काठीचा ठोका पडला. बाहेरून एक म्हातारा आवाज आला, "आलो, आलो. कोण बोलावतंय मला?" आत त्यानं दचकून माझे हात सोडले. शटरला आतून कडी नव्हती. ते गुडघ्याइतकं वर झालं, मग पूर्ण वर गेलं. खाकी कपड्यातला एक उंच, वाकलेला माणूस उन्हात उभा होता. शेजारच्या प्लॉटचा वॉचमन. त्यानं आधी याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लगेच नजर खाली वळवली. हा म्हणाला, फौजी, तुम्ही जा, हे आमचं घरचं आहे. फौजी जागचा हलला नाही. "यांनी मला हाक मारली," तो म्हणाला, "आता मी यांना घेऊनच जानार."

बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, मी कपडे नीट करेपर्यंत. मग जरा संकोचून त्यानं विचारलं, "ताई, माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला? इथं तर समदे फौजीच म्हनतात. महादेव म्हनून हाक मारनारं गावात बी आता कोणी राह्यलं नाय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी देवाला बोलावलं होतं आणि महादेव नावाचा माणूस आला होता. हे त्याला सांगायला माझ्यात त्राण नव्हतं. मी नुसतीच मान हलवली. तेवढ्या काळजीतही कुणीतरी आपल्याला नावानं बोलावलं याचं बरं वाटणं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. पलीकडच्या प्लॉटच्या गार्डला आपल्या गेटवर उभं करून तो मला रिक्षातून उस्मानपुऱ्यापर्यंत घेऊन आला. माझ्या शेजारी बसला नाही, पुढं ड्रायव्हरजवळ अंग चोरून बसला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरून म्हणाला, घरी जा आणि घरच्यांना खरं खरं सांगा.

मी सांगितलं. वडील ऐकून सुन्न झाले. संध्याकाळी त्या मुलाची आई आली. तिच्या बोलण्याचा सारांश असा, की लग्न ठरलेली मुलं आहेत, पोरानं जरा उतावळेपणा केला असेल, पोरीनं राईचा पर्वत केला, आणि आता हे बाहेर गेलं तर पोरीचंच नाव खराब होईल. वडिलांनी तिला घराबाहेर काढायला हवं होतं. त्यांनी चहा विचारला. ती गेल्यावर मला म्हणाले, बघू, घाई नको. त्या 'बघू'नं मला शेडपेक्षा जास्त थकवलं. शेडमध्ये निदान मी झगडत होते. पुढचे काही दिवस असेच गेले. त्याचे फोन येत होते, माफीचे, मग धमकीचे, मग पुन्हा माफीचे. लग्नाचा हॉल ठरलेला होता. खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात आले होते. पटलं म्हणून नाही, नाही म्हणत राहायला लागतं तेवढं बळ उरलं नव्हतं म्हणून.

सोमवार आला तशी सवयीनं वेरूळला गेले. एरवी मी देवापुढे अर्जाची यादी वाचते. त्या दिवशी काही मागताच आलं नाही. गर्दी पुढं सरकवत होती तशी सरकत गेले, पिंडीवर हात ठेवला आणि मनात एवढंच आलं, की मला आता काही होत नाही, तूच बघ. ही शरणागती वगैरे होती असं मी म्हणणार नाही. दमलेला माणूस भिंतीला पाठ टेकतो, तसं ते होतं. डोळ्यांत पाणीही आलं नाही. बाहेर येऊन प्रसादाचा पेढा खाल्ला आणि गाडीत झोपून गेले.

घरी आले तर फौजी पुढच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. पांढरा धुतलेला सदरा, डोक्यावर पलटणीची जुनी टोपी आणि छातीवर ओळीनं मेडलं. रिक्षाच्या स्टँडवर विचारत विचारत त्यानं घर शोधलं होतं. काय झालं ते वडिलांनी मला नंतर सांगितलं. दारात उभं राहून त्यानं सलाम केला आणि म्हणाला, "सायेब, पोरीनं सांगितलंच असंल. पन मी काय पाह्यलं ते बी तुम्हाला कळाया पायजे. मेडल लावून आलोय. हे छातीवर असताना आमी खोटं बोलत नाय." मग त्यानं पाहिलेलं सगळं सांगितलं, वरिष्ठाला सांगावं तसं, एकही शब्द जास्तीचा न घालता. शटर वर केल्यावर मी कशी पडले होते हेही. आपल्या मुलीबद्दल ते ऐकणं कुठल्या बापाला सोसेल? पण ते ऐकल्यावरच वडील खुर्चीतून उठले. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ते चपला घालत होते. म्हणाले, "चल, ठाण्यात जायचंय. माझं चुकलं, ते मागून बोलू." आईच्या दहाव्यालाही न रडलेले माझे वडील त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या पायरीवर रडले. साखरपुडा मोडला आणि तक्रार नोंदली गेली.

पुढची वर्षं तारखांची. साक्षीदार आले नाहीत, वकील आजारी, कागद राहिला, पुढची तारीख. बोलावणं असो नसो, फौजीकाका यायचे. मेडलं रुमालात बांधून आणायचे, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभं राहून सदऱ्याला लावायचे आणि परत जाताना काढून पुन्हा रुमालात बांधायचे. मी एकदा म्हटलं, रोज कशाला लावता, साक्षीच्या दिवशी लावा. ते म्हणाले, ड्युटी कधी लागंल सांगता येत नाय.

साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलानं नेमका त्या हाकेचाच धागा धरला. मला विचारलं, या वॉचमनचं नाव तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं? म्हणजे ओळख होती? म्हणजे हे सगळं ठरवून? मला खरं सांगावंच लागलं. मी म्हणाले, मी यांना नाही, देवाला हाक मारली होती. मग फौजीकाकांना पिंजऱ्यात बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले होते. वकील म्हणाला, ऐका, ती तुम्हाला बोलवतच नव्हती, ती देवाचं नाव घेत होती, मग तुम्ही दुसऱ्याच्या शेडचं शटर कुठल्या अधिकारानं उघडलंत? इतकी वर्षं त्यांनी जपलेली एक गोष्ट तिथं सर्वांसमोर मोडत होती आणि मी मान वर करू शकत नव्हते. मग ते म्हणाले, "सायेब, पहाऱ्यावर हाक आली की जायाचं असतंय. आपल्याला मारली का दुसऱ्याला, ते गेल्यावर बघायचं."

निकाल लागला, शिक्षा झाली. तो अपिलात गेला आहे आणि ते चालूच आहे. मला आनंद झाला का असं विचारलं तर सांगता येत नाही. निकालाच्या दिवशी घरी येऊन मी संध्याकाळीच झोपले.

यंदा सव्वीस जानेवारीला आमच्या कॉलनीत माजी सैनिकाचा सत्कार करायचं ठरलं. मला असल्या सत्कारांचा मनापासून कंटाळा आहे. शाल, नारळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस उन्हात गेटवर उभा. आपण यांना वर्षातून एकदा शूर म्हणतो आणि उरलेलं वर्षभर त्यांचं नावही विचारत नाही. तरी मी फौजीकाकांचं नाव सुचवलं. माइकवरच्या गृहस्थांनी 'आपले शूर फौजी' म्हणत भाषण ठोकलं आणि शाल द्यायला मला पुढं बोलावलं. मी माइक मागून घेतला आणि त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि पलटण सांगितली. तेवढंच. त्यांच्या लढाईबद्दल मी काही बोलले नाही, कारण त्यातलं फार थोडं त्यांनी मला सांगितलं आहे. बर्फात पायाची बोटं गेली, आणि बरोबरचे काही जण तिथंच राहिले, इतकंच.

कार्यक्रमानंतर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चहा पीत बसलो. वडील जिलेबीच्या ताटल्या वाटत होते. काकांनी शालीची घडी मांडीवर ठेवली होती. कोर्टातल्या त्या दिवसापासून ते त्या हाकेबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, आणि माझीही हिंमत झाली नव्हती. कप खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "पोरी, एक विचारू? राग मानू नको. त्या दिशी तू देवाला बोलवत व्हतीस, अन् आलो मी. म्हातारा वॉचमन. तुला वाईट तर नाय ना वाटलं?"

देव उशिरा का आला, याचा हिशेब मी इतकी वर्षं मागत होते, आणि हा माणूस आपण देव नसल्याबद्दल माझी माफी मागत होता. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते नको नको म्हणत राहिले, पण मी उठले नाही, आणि कितीतरी वर्षांनी मला थकवा जाणवला नाही.