डोंगरावरचा ध्रुव

सासरी भिवपुरीला आले तेव्हा आभाळातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. कळत होता एकच तारा. खालापूरला माझ्या माहेरी माथेरानचा डोंगर बरोबर उत्तरेला दिसतो आणि त्याच्या माथ्यावर ध्रुव. लग्नात भटजींनी तोच बोट करून दाखवला. तेव्हा माथेरानवर दिसेल तो ध्रुव, हे मी पक्कं धरून बसले. सासरहून तोच डोंगर मावळतीला येतो, हे माझ्या हुशार डोक्यात शिरलंच नव्हतं.

भात झोडून झाल्यावरचे दिवस. मध्यरात्री निरोप आला, आई उद्याचा दिवस काढायची नाही, तुला बघायचं म्हणते. निरोप्या तसाच पुढे नेरळला माझ्या बहिणीकडे गेला. आम्ही नवरा-बायको निघालो. गाडीरस्ता लांबून फिरून जाई, म्हणून मोकळ्या शेतांतून जायचं मी ठरवलं.

"वाट ठावी हाय का गं तुला?" ह्यांनी विचारलं.

"ध्रुव पाठीशी ठेवायचा न् चालायचं. तुमी निसतं मागून या."

ते बिचारे आले. मी बांधावरून अशी चालले होते, जणू आभाळ माझ्या बापाने खंडाने घेतलं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी मागे वळून पाहिलं. "अगं, तुजा ध्रुव कुठं गेला?"

मागे नुसता काळा डोंगर. तारा त्याच्याआड उतरला होता.

"धुक्यात आसंल."

"निजला आसंल. रातभर एका पायावर उभा ऱ्हातो बिचारा."

दोघंही हसलो. ध्रुव मावळत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चुकलो म्हटलं तर थांबावं लागलं असतं, आणि आई वाट बघत होती. मी नाकासमोर चालत राहिले.

दक्षिणेला जाणाऱ्याच्या डाव्या हाताला सूर्य उगवतो. आमच्या तो तोंडावर उगवला, सह्याद्रीच्या कड्यावरून, आणि कडा अगदी जवळ.

उलट फिरलो. कर्जत गाठेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, खालापूरच्या शिवेत शिरलो तेव्हा कललं होतं. ओढ्यावरून गावातले पुरुष ओल्या धोतरांनी वर येत होते. त्यांत माझा थोरला भाऊ होता.

"सकाळपातुर बोलत हुती," एवढंच म्हणून तो पुढे गेला.

घरात वहिनी जमीन सारवत होती.

"त्या बाजूनी ये गं," ती म्हणाली. "हितं ओलं हाय."